सडपातळ अंगातली चरबी : नाळेच्या रक्ताची साक्ष

नाकाडोंगरीसारख्या धानाच्या आणि मॅंगनीजच्या मुलखात काटक, किडकिडीत माणसाला मधुमेहाची भीती दाखवली, तर तो हसण्यावारी नेतो. "अंगावर मांस नाही, मला कुठली शुगर?" या समजुतीला धक्का कसा बसला, तो इतिहास आपण आज पाहू.

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, असंच बराच काळ मानलं जायचं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडतात आणि त्यातून मेंदूला साठ्याचा निरोप जातो. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. पुढच्याच वर्षी ॲडिपोनेक्टिन सापडलं. त्याची तऱ्हा उलटी, चरबी वाढली की ते घटतं. आता रक्तच चरबीबद्दल बोलू लागलं.

इकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची पाहणी करत होते. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच!

मग पुणे आणि लंडन इथल्या बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं. २००२ साली निष्कर्ष आला : वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत लेप्टिनही जास्त, इन्सुलिनही जास्त. म्हणजे दोष एकट्या शहरी खाण्याचा नाही. सुरुवात आईच्या पोटातच होते.

२००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

तेव्हा वजनकाट्यावर विसंबून चालायचं नाही. लेप्टिनची तपासणी गावोगावी होणार नाही, पण शिंप्याची टेप तर घरोघरी असते. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर यापुढे गेली, तर हातपाय कितीही काटकुळे असोत, साखर तपासून घ्यायची. आणि पोरीबाळींच्या ताटाकडे आधी बघायचं. पुढच्या पिढीचं रक्त तिथेच घडतं.