गुन्हाशास्त्राची पदवी : बर्कलेचा प्रयोग

चोर पकडण्यासाठी पदवी कशाला हवी, हा प्रश्न कोणत्याही गावच्या चावडीवर सहज विचारला जाईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कले नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न असाच विचारला गेला, आणि मौज अशी, की ज्या गृहस्थाने त्याचे उत्तर दिले त्याच्यापाशी स्वतःची एकही पदवी नव्हती.

ऑगस्ट व्होल्मर याचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या फारसे पुढे गेले नव्हते. फिलिपाइन्समध्ये सैनिकी करून परतल्यावर तो बर्कलेत घरोघर टपाल वाटीत असे. १९०४ साली रेल्वेचा एक उघडा डबा उतारावरून सुटला असता त्याने त्यावर उडी घेऊन तो थांबविला. गावात त्याचे नाव झाले आणि दुसऱ्याच वर्षी लोकांनी त्याला मार्शल म्हणून निवडून दिले. १९०९ मध्ये तो पोलीसप्रमुख झाला. शिपायांना त्याने सायकली दिल्या, पुढे मोटारी दिल्या. पण त्याचे खरे वेड पुस्तकांचे होते. ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रोस याचे ग्रंथ त्याने वाचून काढले. संशयास्पद मृत्यूचे प्रकरण पुढे आले तर तो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचे दार ठोठावी. १९०८ साली त्याने आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि ती शिकविण्यास प्राध्यापकांनाच बोलाविले.

१९१६ मध्ये कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर किड यांच्या साहाय्याने विद्यापीठाच्या उन्हाळी सत्रात गुन्हाशास्त्राचे वर्ग सुरू झाले. महायुद्धानंतर व्होल्मरने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाच पोलिसांत भरती केले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कॉलेजातले शिपाई’ म्हणून यथेच्छ हिणविले. त्यांच्यातलाच जॉन लार्सन हा शरीरक्रियाशास्त्राचा डॉक्टर गणवेश घालून गस्त घाली. १९२१ साली खोटे ओळखण्याचे यंत्र याच लार्सनने सिद्ध केले. (त्या यंत्राच्या साक्षीवर न्यायालयांचा विश्वास मात्र फारसा बसला नाही, तो आजही बसलेला नाही.) १९३१ मध्ये बर्कले विद्यापीठाने व्होल्मरला पोलीसप्रशासनाचा प्राध्यापक नेमले. टपालवाल्याचा असा प्राध्यापक झाला! त्याच दशकात पदवीच्या विद्यार्थ्यास गुन्हाशास्त्र हा मुख्य विषय म्हणून घेता येऊ लागला, आणि १९५० साली या विषयाची स्वतंत्र विद्याशाखाच स्थापन झाली. व्होल्मरचा शिष्य ओ. डब्ल्यू. विल्सन तिचा पहिला अधिष्ठाता होता.

या शास्त्राचा युरोपातील पूर्वज मात्र निराळ्या वळणाचा होता. व्होल्मर जन्मला त्याच वर्षी, म्हणजे १८७६ मध्ये, इटलीतील वैद्य लोंब्रोसो याने गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो व ते त्याच्या कवटीवरून, जबड्यावरून ओळखता येते, असा सिद्धांत मांडला. हिंदुस्थानातील इंग्रज सरकारला त्यासाठी लोंब्रोसोची वाट पाहावी लागली नाही. १८७१ च्या कायद्याने त्याने संबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या होत्या आणि पुढे त्यांपैकी कित्येकांना सोलापूर, हुबळी येथील तारेच्या कुंपणात आणून ठेवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जमातींवरचा शिक्का तेवढ्या लवकर पुसला गेला नाही. गुन्हेगार कोण, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचे, हा या विद्येतला मूळ प्रश्न होय, आणि बर्कलेच्या विद्याशाखेचा घात अखेर त्यानेच केला.

विल्सनच्या काळी तो प्रश्न कोणी विचारीत नव्हते. विद्यार्थ्यास पोलीसखात्याचे व्यवस्थापन आणि प्रयोगशाळेतील परीक्षा शिकविल्या जात. रसायनज्ञ पॉल कर्क तेथे रक्ताचे डाग, केस आणि धागे यांवरून पुरावा कसा वाचावा हे दाखवीत. १९६० मध्ये शिकागोत आठ पोलीस एका घरफोड्याचे साथीदार निघाले, तेव्हा तेथील खाते सुधारण्यास विल्सनलाच पाचारण करण्यात आले. त्याच्या जागी समाजशास्त्रज्ञ जोसेफ लोमन आले आणि अभ्यासाचे तोंड वळले. १९६४ साली त्याच आवारात भाषणस्वातंत्र्यासाठी चळवळ झाली व पोलिसांनी शेकडो विद्यार्थी धरून नेले. ज्या पोलिसांची विद्या वर्गात शिकावयाची, तेच दाराशी लाठी घेऊन उभे! १९६८ मध्ये लोमन वारले. त्यानंतर अँथनी प्लॅट, पॉल टाकागी, हर्मन व ज्युलिया श्वेंडिंगर हे अध्यापक उघड विचारू लागले, की वर्णद्वेष आणि युद्ध यांची गणना गुन्ह्यांत का होऊ नये? पोलिसांवर नगरवासीयांचे नियंत्रण असावे असा प्रस्ताव १९७१ साली बर्कलेच्या मतदारांपुढे आला, तो फेटाळला गेला. प्लॅट यांस कायम नेमणूक नाकारण्यात आली. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, परंतु १९७६ मध्ये विद्याशाखा बंद झाली. तेथील विद्वत्ता कमी दर्जाची असल्याचे कारण विद्यापीठाकडून पुढे करण्यात आले. तथापि हीच शाखा पोलीसअधिकारी घडवीत होती तोपर्यंत दर्जाची चौकशी इतक्या निकराने झाली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

भारतात या विषयाचा स्वतंत्र विभाग १९५९ साली सागर विद्यापीठात निघाला. गोविंदपंत बुंदेल्यांच्या त्या नगरीत विद्यापीठ स्थापिले ते दंडसंहितेचे भाष्यकार व नागपूरचे नामांकित वकील हरिसिंह गौर यांनी, १९४६ मध्ये. या विभागाने गुन्हाशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांची सांगड घातली. ठसे, शाई, विष आणि रक्त यांची परीक्षा शिकलेल्या पदवीधरास प्रयोगशाळेत जागा मिळू शकते. समाज व शिक्षा यांचा अभ्यास केलेल्यास मात्र पोलीसअधिकारी व्हावयाचे तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस इतरांच्याच रांगेत बसावे लागते, आणि तेथे पदवी कोणत्याही विषयाची चालते.