तीन फुटांची हद्द: एका टाकीतले अडतीस तास

हा कुणा एका घराचा पंचनामा नाही. हैदराबादेत, काचीगुड्यासारख्या जुन्या मराठी वस्तीतल्या एखाद्या घरी, मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी काय होऊ शकतं त्याची ही मांडणी आहे. घर कल्पित, वेळाही कल्पित. पण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढकलणारी कारणं खरी आहेत. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. खडी आणि दगड वजा जाता साधारण १४० लिटर पाणी, तेही बोअरचं, जड. त्यात आठ महिने एकच मासा: सहा इंची नर फ्लॉवरहॉर्न, कपाळावरचा उंचवटा दिवसेंदिवस फुगत चाललेला.

शनिवार, संध्याकाळी ५. अडतीस तास बाकी

"बाबा, तो एकटा कंटाळतो ना. त्याला कुणीतरी घेऊ या," मुलगी म्हणते. दुकानदार जाळी पाण्यात घालता घालता धीर देतो, "नक्को सोचो साब, दो दिन में सब मिल के रहते." पिशव्या बांधल्या जातात. दोन गोल्डफिश, एक पॅरट, आणि काच साफ ठेवायला म्हणून एक सकर.

अनर्थाचा निम्मा भाग इथेच, पाण्याबाहेर उरकलेला आहे. मुलीची कणव खरी आहे आणि मला ती मोलाची वाटते. पण एकटं राहणं ही थव्यात राहणाऱ्या माशाची अडचण असते. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांच्या संकरातून घडवलेला मासा. त्याच्या रक्तात निकाराग्वाच्या तलावांतल्या मिडास सिक्लिडच्या कुळाचा वारसा आहे. बर्कलीचे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी या मिडासचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्या तलावांत पिल्लं वाढवण्याजोग्या खडकातल्या कपारी थोड्या आणि त्यांवर डोळा असणाऱ्या जोड्या पुष्कळ. ज्यानं कपार राखली त्याचाच वंश पुढे गेला. जागा राखणं हे या माशाच्या जगण्याचं मूळ काम आहे आणि तीन फुटी टाकी ही त्याच्या लेखी एक कपार आहे, एका माशापुरती.

निवडलेले सोबती एकेक करून पाहू. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, २० अंशांच्या आसपास खूश असणारा. मे महिन्यात हैदराबादच्या टाकीतलं पाणी ३० अंशांला टेकतं. त्यातही दुहेरी शेपटीचा जाडजूड गोल्डफिश वेगानं पळू शकत नाही. पॅरट हाही संकरच, १९८० च्या दशकातला, तैवानचा. त्याचं तोंड उभ्या फटीसारखं असतं आणि पुरतं मिटत नाही. घास तो घशातल्या दातांनी चुरतो. म्हणजे चावा घेणाऱ्याला उलट चावा तो घेऊ शकत नाही. सकर आज तीन इंचांचा दिसतो, पण तो फुटाच्या पुढे वाढतो. यातलं काहीही दुकानात दिसत नाही. तिथे दिसतात ते रंग, तेही पिल्लांचे.

शनिवार, संध्याकाळी ६.३०. साडेछत्तीस तास बाकी

पिशव्या पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या जातात, म्हणजे तापमान जुळावं. हे बरोबर केलं. पण दुसरी एक गोष्ट जुळवायची राहिली. आधीपासून राहणारा मासा प्रत्येक दगड, प्रत्येक कोपरा ओळखतो आणि आपल्या जागेत लढणारा बहुधा जिंकतोच. आकारानं थोडा लहान असला तरी. म्हणून हद्द राखणारा मासा शेवटी सोडायचा, आणि तोही लहान असताना. ते शक्य नसेल तर त्याला तासभर बाहेर काढून दगड-कुंड्यांची सगळी मांडणी बदलायची, मग नवे-जुने एकाच वेळी सोडायचे, दिवा बंद ठेवून. त्यामुळे जुन्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात आणि घरमालकालाही पुन्हा सुरुवात करावी लागते. फ्लॉवरहॉर्नच्या बाबतीत मात्र एवढ्यानं भागेल असं मी कुणाला सांगणार नाही. त्याचा रोष यानं पुढे ढकलला जातो, इतकंच.

दिवा चालू आहे. मांडणी तीच आहे. पिशव्या उलट्या होतात.

शनिवार, संध्याकाळी ७. छत्तीस तास बाकी

फ्लॉवरहॉर्नचा रंग गडद होतो, अंगावरचे उभे पट्टे उठून दिसतात. कल्ल्यांची झाकणं पसरतात. तो पॅरटला आडवा जाऊन आपली पूर्ण लांबी दाखवतो, शेपटीच्या फटक्यानं पाण्याची लाट त्याच्यावर मारतो. घरच्यांना वाटतं, खेळतोय. फोनवर चित्रण होतं.

सगळ्या घटनाक्रमाची किल्ली या क्षणात आहे. ही खरं तर भांडण टाळायची रीत आहे. सिक्लिड आधी अंग दाखवतात, मग लाट मारतात, मग तोंडात तोंड अडकवून ओढाताण करतात, चावा त्यानंतर. प्रत्येक पायरीवर दुबळ्याला माघार घ्यायची सोय असते. तो पर मिटतो, फिका पडतो आणि निघून जातो. तलावात काही मीटर गेलं की हद्द संपते आणि वादही संपतो. हरलेला जिवंत राहतो, जिंकलेला आपल्या कपारीत परततो.

पॅरटनं पर मिटले आहेत. तो फिका पडला आहे. भाषा समजल्याचा पुरावा त्यानं दिला. आता त्यानं निघून जायला हवं, आणि जायला वाट नाही. जास्तीत जास्त दोन-अडीच फुटांवरचा कोपरा, तोही घरमालकाच्या नजरेतला. शरण आलेला मासा समोर दिसतच राहतो, म्हणून मालकाच्या दृष्टीनं आगळीक चालूच राहते. काचेच्या पेटीत वाद संपवायचा नैसर्गिक मार्गच उरत नाही. सोबती निवडताना "कोण कोणाला मारतो" याच्या याद्या आपण वाचतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की हरलेला जाणार कुठे?

शनिवार, रात्री १०.३०. साडेबत्तीस तास बाकी

दिवा बंद होतो आणि टाकीत शांतता होते. सिक्लिड दिवसा वावरणारे मासे. अंधारात ते थांबतात. घरात समाधान पसरतं: जमलं बरं का. सकर तेवढा खडीवर फिरतो आहे.

रविवार, पहाटे ५. सव्वीस तास बाकी

नांदेडला लग्न आहे, काचीगुड्याहून गाडी पकडायची आहे. निघताना आई मूठभर दाणे जास्त टाकते, दोन दिवस उपाशी नकोत म्हणून. धडधाकट मोठा मासा कित्येक दिवस अन्नावाचून सहज राहतो. दोन दिवसांनी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते उरलेल्या दाण्यांनी. घाबरलेले मासे खात नाहीत. दाणे फुगून कुंडीमागे, खडीत उतरतात.

रविवार, सकाळी ९. बावीस तास बाकी

आता सगळ्या पायऱ्या ओलांडून झाल्या आहेत. सर्वाधिक मार पॅरटला बसतो, कारण तो आकारानं आणि कुळानं जवळचा. कोनराड लॉरेन्झ यांनी १९६३ च्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात हा मुद्दा माशांवरूनच मांडला होता: मासा सगळ्यांत जोरानं तुटून पडतो तो आपल्यासारख्यावर, कारण अन्नाचा आणि जागेचा खरा वाटेकरी तोच. म्हणूनच सोबती निवडताना आकार, रंग, वावरायचा थर यांत वेगळेपण शोधायचं असतं. तळाशी हद्द करणाऱ्याला वरच्या थरातला चपळ थवा चालतो. त्याच थरातला तसाच दिसणारा मासा चालत नाही.

पॅरटचे बाजूचे खवले गेले आहेत. तो फिल्टरच्या नळीमागे, वरच्या कोपऱ्यात, तिरका उभा आहे. हे दृश्य टाकीत दिसलं की त्याच मिनिटाला मासा बाहेर काढावा. बादली चालेल, भोकांचा प्लास्टिकचा पडदा चालेल. पण घरात कुणी नाही.

रविवार, दुपारी १. अठरा तास बाकी

लहान गोल्डफिश मेला. शेपटी फाटली होती, पण मेला तो मुख्यतः दमून. सततच्या पळापळीत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, क्षारांचा तोल ढळतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात गोल्डफिशला श्वासही पुरत नाही. लपायला एकच कुंडी, एकाच तोंडाची. अशी कुंडी म्हणजे सापळा; लपणीला दोन तोंडं हवीत. मेलेला मासा कुंडीमागे अडकला आहे, दाण्यांच्या शेजारी.

रविवार, संध्याकाळी ५. चौदा तास बाकी

मे महिन्यातलं वादळ. दख्खनच्या पठारावर दिवसभर तापलं की संध्याकाळी सोसाट्याचा वारा आणि पाऊस, आणि कुठेतरी फांदी तारांवर. वीज जाते. फिल्टर आणि हवेची मोटर थांबते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांला साडेसात. आधीच कमी असलेल्या या साठ्यावर आता सडणारे दाणे आणि मेलेला मासाही हक्क सांगतात. बंद फिल्टरच्या डब्यातल्या, अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंचा श्वास तर लवकरच कोंडतो.

रविवार, रात्री ९. दहा तास बाकी

वीज आली, पण जीवाणू पूर्वीसारखे काम करत नाहीत. अमोनिया वाढतो. इथे बोअरचं पाणी महत्त्वाचं ठरतं, कारण जड पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो. पीएच ७ आणि ३० अंश असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच सात-आठ टक्क्यांवर जातो. अमोनिया तितकाच, विष जवळपास दहापट. मासा स्वतःचा अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो; बाहेरच तो साचला की टाकायला जागा नाही.

सोमवार, पहाटे २. पाच तास बाकी

पॅरट गेला. दुसरा गोल्डफिश पृष्ठभागावर तोंड उघडमीट करतो आहे.

सोमवार, सकाळी ७

दार उघडतं. पाणी दुधाळ, वास येतो आहे. तीन मासे मेलेले. फ्लॉवरहॉर्न तळाशी पडलेला, कल्ले लालभडक, धाप लागलेली. हद्द त्यानं पूर्ण राखली होती.

या घडीला करायचं ते एवढंच: मेलेलं सगळं आणि उरलेले दाणे बाहेर काढायचे, निम्मं पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं बदलायचं, हवा जोरात सोडायची, खायला काही द्यायचं नाही, संध्याकाळी पुन्हा पाणी बदलायचं. वाचला तर त्याला त्या टाकीत एकटंच राहू द्यावं, पुढे चार फुटी टाकी द्यावी. तो माणूस ओळखतो, काचेवरून फिरणाऱ्या बोटामागे येतो. मुलीनं रोज समोर बसावं.

आणि मुलीला खूप मासे हवे असतील तर तो बेत वेगळा, टाकी वेगळी. चार फुटांत कन्व्हिक्टसारख्या लहान सिक्लिडची एक जोडी आणि वरच्या थरात आठ-दहा जायंट डॅनिओ. डॅनिओ मूळचा आपल्याकडच्या ओढ्यांतलाही आहे. मोकळ्यावर निर्धास्त फिरणारा थवा पाहून भित्रा सिक्लिड बाहेर येतो, हे बार्लो यांनीच १९६८ मध्ये दाखवलं होतं. आधी थवा सोडायचा, नंतर जोडी. मलावी सरोवराचे मासे पाळणारे याच्या उलट टोकाला जातात: मुद्दाम दाटी करतात, म्हणजे मार एकावर न साचता वाटला जातो. त्याला मोठी टाकी आणि दुप्पट गाळणी लागते. त्या माशांना आपलं जड पाणी मात्र मानवतं.

सोमवार, संध्याकाळी ६

फ्लॉवरहॉर्नही गेला. सकर मात्र जिवंत आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि तिच्यातला प्राणवायू वापरतो, म्हणून अशा पाण्यातही टिकतो. घरात आता टाकी नको झाली आहे आणि बादलीतला हा एक जीव उरला आहे. कुणीतरी म्हणतं, हुसेनसागरात सोडून देऊ, जगेल बिचारा.

तो जगेल, हीच अडचण आहे. याच शहरातल्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात सुटलेल्या डीएनएवरून या माशाचा माग काढला, तेव्हा पूर्व घाटातल्या निम्म्याहून अधिक पाणवठ्यांत त्याच्या खुणा मिळाल्या. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा इथे आला तो काचेच्या टाक्यांतून. त्याच्या अंगावर हाडांची कवचं असतात, परांत कडक काटे असतात. ते जाळ्यात अडकले की जाळी फाटते आणि नुकसान मच्छीमाराचं होतं. काठावर बिळं खणून तो अंडी घालतो, म्हणजे बांधही पोकळ होतो. बादली दुकानात परत न्यावी, किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या छंदिष्टाकडे.