कथिलाच्या टेकडीखालचं कॉलेज



बुकित तिमाह म्हणजे मलय भाषेत 'कथिलाची टेकडी'. उंची जेमतेम १६४ मीटर, पण सिंगापूरमध्ये याहून उंच नैसर्गिक जागा नाही! (रोज सिंहगड चढणाऱ्यांनी हसू नये.) याच भागात क्लेमेंटी रोडवर नी ॲन पॉलिटेक्निक आहे. माझी बस रोज त्याच्या फाटकावरून जाते. १९७५ साली सिम वॉन्ग हू नावाचा मुलगा इथून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण 'साउंड ब्लास्टर' म्हटलं की माझ्या पिढीतल्या पुष्कळांना उघडं कॅबिनेट आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर आठवेल.

मला नाशिकचा मावसभाऊ आठवतो. साल १९९४. तोवर पीसीचा आवाज म्हणजे चूक झाली की एक 'टूँक'. त्याने ते कार्ड बसवलं आणि डब्यातून चक्क माणसाचा आवाज आला. मावशी देवघरातून उठून बघायला आली. आम्हाला ते कार्ड अमेरिकन वाटलं होतं.

गंमत म्हणजे या कार्डाचं मूळ आवाजात कमी आणि अक्षरांत जास्त आहे.

१९८१ साली सिमने कॉलेजातल्या मित्राबरोबर, एन्ग काई वा याच्याबरोबर, चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये 'क्रिएटिव्ह' नावाचं छोटं दुकान टाकलं. काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पण डोक्यात खूळ होतं चिनी लिहिणारा आणि बोलणारा कॉम्प्युटर करायचं. सुमारे पाच लाख डॉलर ओतून १९८६ साली 'क्युबिक सीटी' तयार झाला.

आता पडद्यावर चिनी दाखवण्यात एवढं अवघड काय? तर त्या काळचा पीसी म्हणजे जुना छापखाना होता. पडद्यावर ८० रकाने, २५ ओळी, आणि प्रत्येक घरात ठरलेल्या २५६ खिळ्यांपैकी एकच बसणार. इंग्रजीला तेवढे पुरून उरतात. पण चीनच्या १९८०च्या प्रमाण यादीत ६,७६३ चिनी अक्षरं! १६ बाय १६ ठिपक्यांत एक अक्षर बसवलं तरी नुसत्या खिळ्यांना दोन लाखांहून जास्त बाइट लागतात. आणि १९८१चा आयबीएम पीसी सुरुवातीला १६ किलोबाइट मेमरीतही मिळत असे.

खरं तर यावरचा उपाय १९७३ सालीच निघाला होता. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. तिथल्या 'आल्टो' यंत्रात खिळे नव्हतेच. पडद्यावर ६०६ बाय ८०८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला मेमरीत स्वतःचा एक बिट. हव्या त्या आकाराचं अक्षर काढा, चित्र काढा, खिडक्या उघडा. पण एवढ्यासाठी १२८ किलोबाइटपैकी जवळजवळ निम्मी मेमरी पडद्यावरच खर्च! मेमरी पुढे स्वस्त होईल, या भरवशावर केलेली ही उधळपट्टी. आज तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनचा पडदा त्याच वंशातला आहे.

असो. क्युबिक सपशेल पडला. माझ्या मते यंत्रापेक्षा बाजाराचा दोष मोठा. १९८७पासून इथल्या सगळ्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं, कचेऱ्या इंग्रजीच होत्या. चिनी कॉम्प्युटर घेणार कोण? सिमने अक्षरं सोडली आणि आवाज धरला. १९८७ साली नुसतं संगीताचं कार्ड, आणि १९८९ साली साउंड ब्लास्टर. त्यात स्पर्धक ॲडलिबचीच यामाहाची चिप, वर खरा आवाज ध्वनिमुद्रित करायची सोय आणि जॉयस्टिकची जागा. १९९२ साली क्रिएटिव्ह ही नॅसडॅकवर गेलेली पहिली सिंगापुरी कंपनी ठरली. सिम जानेवारी २०२३मध्ये गेला.

क्युबिकच्याच काळात आपल्याकडे, आयआयटी कानपूरला, मोहन तांबे आणि मंडळी 'जिस्ट' कार्डावर काम करत होती. पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. देवनागरीला हजारो खिळ्यांचं कपाट लागत नाही, पण आपली अक्षरं खोडकर! ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी. 'र' कधी डोक्यावर, कधी पायाशी. म्हणून तुम्ही उच्चाराच्या क्रमाने टंकायचं आणि आकार कार्डाने ठरवायचा, ही यातली खरी युक्ती. त्यातूनच 'इस्की' हे प्रमाण आलं, आणि १९९१च्या युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली. युनिकोडचा पहिला आराखडा १९८८ साली लिहिणारा जो बेकर कुठला? झेरॉक्सचाच!

इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. माझी मुलगी हिंदीचा पेपर देते आणि सांगलीच्या आजीला मराठीत मेसेज करते, पण इंग्रजी अक्षरांत. आजी चष्मा सावरत एकेक शब्द मोठ्याने वाचते आणि मग सावकाश, काना-मात्रा सांभाळत, देवनागरीत उत्तर टंकते. काल तिने लिहिलं, "जेवलीस का गं?"

मुलीने ते वाचून घेण्यासाठी फोन माझ्याकडे दिला.