खोलीतला सर्व्हर आणि घरातले दप्तर

वडाळ्याच्या ज्या महाविद्यालयात आम्ही काही वर्षे शिकवले, तेथील मराठी विभागात कपाटाआड एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असे. एका सहकाऱ्याने त्यावर स्वतःच सर्व्हर उभा केला होता. जुन्या नियतकालिकांची सूची, विद्यार्थ्यांचे प्रबंध, हस्तलिखितांची छायाचित्रे असा ऐवज त्यात साठला होता. एके दिवशी संगणक विभागाचे पत्र आले, की यंत्र नोंदणीकृत नाही, तत्काळ बंद करावे. विभागात संताप उसळला (आम्हीही त्यात होतो). पुढे या भांडणाचा माग काढू लागलो, तेव्हा ते वाटले त्याहून जुने निघाले.

मुंबईत संगणक अवतरला तोच मध्यवर्ती सत्ता म्हणून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हे देशी बनावटीचे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आले. बाहेरच्या संस्थांतील संशोधकही त्यावर आपली गणिते सोडवून नेत. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. यंत्राजवळ जाण्याचा मान मोजक्यांनाच. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला आणि १९८७ मध्ये जुहूची एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन तारेवरून ई-मेलची देवघेव झाली, तेव्हा मात्र चित्र पालटले होते. यंत्रे सांभाळणारे आणि ती वापरणारे बहुतांशी एकच लोक होते. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांचा १९९० सालचा पहिला वेब-सर्व्हरही त्यांच्या कामाच्या टेबलावरचाच संगणक होता. तो कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर तांबड्या शाईत लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. आज अशी चिठ्ठी बहुतेक कार्यालयांत गुन्ह्याची कबुलीच ठरेल.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणात अधिक ओळखीचे वाटेल ते कुलकर्ण्याचे दप्तर. गावचा हिशेब लिहिणे हे कुलकर्ण्याचे वतन, म्हणून गावचे कागद रुमालात बांधून त्याच्या घरी. लिपी मोडी, ती वाचणारे गावात थोडे. जमीन कोणाची, सारा किती, इनाम कधीचे, हे जाणून घेण्यासाठी सरकारलाही त्याच्याच ओसरीवर यावे लागे. इंग्रजांना हे खुपले. इनामांच्या चौकशीसाठी १८५२ चा कायदा झाला, इनाम कमिशनने घराघरांतील सनदा पुराव्यादाखल मागितल्या आणि ज्याचा कागद निघाला नाही त्याच्या हक्कावर गदा आली. कालांतराने वंशपरंपरेच्या कुलकर्ण्याजागी पगारी, बदली होणारा तलाठी आला, आणि १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने संपली. या बदलात रयतेचा फायदा झाला असे आम्हांस वाटते. कागद घरात ठेवणाऱ्याला तो दडवताही येतो. जोतीराव फुल्यांनी ग्रामजोश्यांइतकाच कुलकर्ण्यांवरही कोरडा ओढला, तो उगाच नव्हे.

तरीही तुलना फार ताणता येत नाही. कुलकर्ण्याच्या हाती सत्ता होती. आमच्या सहकाऱ्याच्या हाती सूची होती, आणि ती मागेल त्याला मिळत असे. मध्यवर्ती यंत्रणेकडे मागितलेली जागा दोन वर्षे मिळाली नव्हती, म्हणूनच कपाटाआडचा उद्योग सुरू झाला. असे सर्व्हर बहुधा अर्ज पडून राहतात तेथेच उगवतात.

संगणक विभागाची बाजूही पोकळ नव्हती. २०१५ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने कर्मचाऱ्यांनी सरकारी कामासाठी सरकारी ई-मेलच वापरावी असे धोरण जाहीर केले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना घरच्या सर्व्हरवरून कारभाराचा पत्रव्यवहार केल्याचे उघड झाले. २०२२ च्या एप्रिलमधील सर्ट-इनच्या निर्देशांनी तर सायबर-हल्ल्याची खबर सहा तासांत देणे आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. कपाटाआडच्या यंत्राच्या नोंदी कोण जपणार?

आमच्या विभागात भांडण चालूच होते, तोवर सहकारी निवृत्त झाले आणि काही महिन्यांत वारले. पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. ज्यांच्यावर आम्ही रागावलो होतो त्या संगणक विभागातील एका तरुणानेच दोन रविवार खर्ची घालून तबकडी उघडली. प्रबंध आणि छायाचित्रे मिळाली. सूची जुन्या फॉन्टमध्ये होती. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे विस्कटली, आणि ती दुरुस्त करण्याचे काम आम्ही अजून करत आहोत.