बिलावरची एक ओळ

आजच्या भागात ना लढाई आहे ना किल्ला. आज इतिहास एका बिलाचा.

झालं असं, की आंजर्ल्याला घरी गेलो होतो. माझा भाचा चौथीत आहे. तोंडी सगळं येतं, पण वाचायला बसला की अडखळतो. ताईनं त्याला लांबच्या शहरात तपासणीला नेलं होतं. एसटी, मुक्काम, दोन दिवसांचा खाडा. बिलावर एकच ओळ, "मानसशास्त्रीय तपासणी, संगणकीकृत", आणि पुढे भलामोठा आकडा. विमा कंपनीनं कळवलं, पेशंट ॲडमिट नव्हता, क्लेम नामंजूर. ताई म्हणाली, "पोरगं थोडा वेळ कॉम्प्युटरसमोर बटणं दाबत होतं. एवढे पैसे कशाचे रे?"

प्रश्न वाजवी आहे. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धीची पहिली मोजपट्टी तयार केली. हेतू साधा होता, शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना मदत द्यायची. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी हीच मोजपट्टी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्यानं घडवली. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. बिने-कामत चाचणी आजही वापरतात. पुढे नागपूरला डॉ. मलिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: समोर एक मूल आणि एक माणूस. मूल कंटाळलं का, घाबरलं का, प्रश्न कळला का, हे तो माणूस बघतो. पैसे त्याच्या वेळेचे.

मग कॉम्प्युटर आला. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये साडेपाचशेहून जास्त प्रश्नांच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीचा अर्थ यंत्र छापून देऊ लागलं. आता दर कसा लावायचा? माणसाचा तास मोजता येतो, यंत्राचं काय मोजणार?

अमेरिकेत प्रत्येक वैद्यकीय कामाला एक आकडी कोड असतो आणि विम्याचे पैसे त्यावरच मिळतात. २००६ साली त्यांनी मानसिक चाचण्यांचे तीन भाग पाडले. मानसशास्त्रज्ञानं घेतली तर ९६१०१, तंत्रज्ञानं घेतली तर ९६१०२, कॉम्प्युटरनं घेतली तर ९६१०३. पहिल्या दोघांना तासावर पैसे. कॉम्प्युटरला तास नाही. १ जानेवारी २०१९पासून ही मांडणीच बदलली. चाचणी घेणं वेगळं आणि निकालाचा अर्थ लावून घरच्यांना समजावणं वेगळं, अशी कोडांची विभागणी झाली. यंत्रानं आपोआप घेतलेल्या एका चाचणीला ९६१४६ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्यात फक्त यंत्रानं दिलेला निकाल, माणसाचा विचार नाही. मला हे पटतं. निदान कशाचे पैसे देतोय ते तरी दिसतं.

आणि आपल्याकडे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २०१८च्या मे महिन्यात. त्याचं कलम २१(४) सांगतं, की शारीरिक आजाराच्या उपचाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही द्या. ऑगस्ट २०१८मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना हे पाळायला सांगितलं, आणि २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा सांगावं लागलं.

गंमत "त्याच आधारावर" या शब्दांत आहे. ॲडमिट न होता केलेल्या रक्ततपासणीचे पैसे साधी पॉलिसी देत नाही, मग मनाच्या तपासणीचे का देईल? समानता पाळली गेली, दोघांनाही शून्य! आणि मनाची तपासणी तर जवळजवळ नेहमीच ॲडमिट न होता होते. शिवाय वाचनातली अडचण हा मानसिक आजार नाहीच. ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. म्हणजे भाच्याचं दार मुळातच दुसरं. ताईला हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी आम्ही त्या केंद्राला फोन लावला आणि बिल फोडून मागितलं. आलं. कॉम्प्युटरची चाचणी हा त्यातला लहान भाग होता. मोठा भाग मुलाशी बोलणं, वाचून घेणं आणि अहवाल लिहिणं. ताईनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, "त्या बाई दोन तास त्याच्याशी बोलत होत्या, ते खरं."

अहवाल आता शाळेत दिलाय. भाच्याला परीक्षेत जादा वेळ मिळतो का, ते कळलं की सांगेन.