खुंटी, वलण आणि कपाटातली दांडी

आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते मला इथून दिसतंय. तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, आणि बोलणार कशावर, तर कपडे टांगायच्या दांडीवर आणि तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी ब्रॅकेटवर! पण राजे-रजवाड्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला. घरातल्या वस्तूंचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. म्हणून आज साधा प्रश्न घेऊ या. माणसाने अंगावरचा कपडा काढला की तो ठेवला कुठे? आणि त्या कपड्याचं ओझं कुणी उचललं?

सुरुवात खांद्यापासून करायला हवी. माळशिरस तालुका म्हणजे माउलींच्या पालखीची वाट. नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे मुक्काम तुम्हाला पाठ आहेत. वारकरी सगळा संसार पडशीत घालून खांद्याला अडकवतो. शेजारच्या शिखर शिंगणापूरला चैत्रात कावडी जातात. सासवडची मानाची कावड मुंगी घाट चढून वर जाते. कावडीचं तत्त्व बघा. दोन्ही टोकांना सारखं ओझं, मध्ये खांदा. इकडचं वजन तिकडच्या वजनाला तोलून धरतं. खांद्याने फक्त खालून आधार द्यायचा.

खुंटीचं तसं नाही. खुंटीला एकाच बाजूला ओझं असतं. दुसऱ्या बाजूला तोलायला कुणी नाही, आहे ती फक्त भिंत. म्हणजे खुंटीने ओझं उचललं असं आपण म्हणतो, पण खरं ओझं भिंत उचलते. कावडीत तोल असतो, खुंटीत पकड असते. आजच्या सगळ्या विषयाचं मूळ या फरकात आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या भागातलं जुनं घर आठवा. धाब्याचं घर, वर माळवद, भिंती दगड-मातीच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, दीड-दोन हात जाडीच्या. अशा भिंतीत मागाहून खिळा ठोकायला जा, माती भसाभसा गळते आणि खिळा हातात येतो. म्हणून खुंटी भिंत बांधतानाच बसवायची. सुताराने बाभळीची किंवा सागाची लांब खुंटी घडवायची, तिचा मोठा भाग भिंतीच्या पोटात गाडायचा आणि वीतभर बाहेर ठेवायचा. वरून भिंतीचं वजन तिच्या शेपटावर बसलं की खुंटी हलत नाही. म्हणजे कावडीचा तोलच इथे वेगळ्या रूपात आला. पुढच्या ओझ्याला मागच्या भिंतीच्या वजनाने उत्तर दिलं. त्या सुताराने यंत्रशास्त्राचं पुस्तक पाहिलं नव्हतं, पण गोष्ट त्याला माहीत होती.

दगडात काम करणाऱ्यांनाही ती माहीत होती. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं मंदिर यादवकाळातलं. त्या काळच्या मंदिरांमध्ये खांबांच्या माथ्यावर ठेंगणे, पोट सुटलेले यक्ष छत उचलून धरताना कोरलेले असतात. त्यांना कीचक म्हणतात. खांबाच्या बाहेर आलेल्या दगडाला माणसाचं रूप दिलं, म्हणजे ओझं उचलण्याचे कष्ट पाहणाऱ्याला दिसले. आज आपण ब्रॅकेट म्हणतो, तो त्याच घराण्यातला.

खुंटीवर काय असायचं? फेटा, कुडतं, कोट, छत्री, कंदील. खुंट्या बहुधा बाहेर सोप्यात असायच्या, पुरुषांच्या. आत माजघरात तुळईला दोरीने बांबू टांगलेला असे, ते वलण. त्यावर लुगडी, धोतरं, पोरांचे कपडे. आणि चांगलं लुगडं असेल तर घडी घालून पेटीत किंवा फडताळात.

इथे थोडं थांबू. आपलं जुनं वस्त्र बहुतेक न शिवलेलं होतं. धोतर, उपरणं, फेटा, नऊवारी लुगडं. न शिवलेलं वस्त्र घडी घालून ठेवायचं असतं. ते टांगायची गरज नाही. उलट एकाच जागी लोंबत ठेवलं तर जरीच्या वजनाने ते विरतं. शिवलेल्या कपड्याचं वेगळं. कोटाला खांदा असतो, कॉलर असते, आकार असतो. त्याची घडी मोडते, म्हणून त्याला खांद्यासारखंच काहीतरी लागतं. तो हँगर. आणि हँगर आला की तो अडकवायला दांडी आली. म्हणजे कपाटातली दांडी ही मुळात शिवलेल्या कपड्यांची सोय आहे. घडीच्या संस्कृतीतून टांगण्याच्या संस्कृतीत आपण आलो ते शर्ट, पँट आणि कोटाबरोबर.

कपड्यांची संख्याही वाढली. सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 साली निघाली, जिला आपण जुनी गिरणी म्हणतो. गिरणीचं कापड आलं, शिवणयंत्रं आली, तालुक्याच्या गावी शिंपी दुकान थाटून बसला. ज्याच्याकडे दोन जोड होते त्याच्याकडे चार झाले. पुढे आपल्याकडे पाणी आलं. भाटघरचं लॉइड धरण 1928 साली पुरं झालं, नीरा उजव्या कालव्याचं पाणी या दुष्काळी तालुक्यात खेळलं, ऊस आला, माळीनगर आणि श्रीपूरला साखर कारखाने उभे राहिले. उसाबरोबर पैसा आला, पक्क्या विटांची घरं आली आणि फिटर, टर्नर, वेल्डर असे नवे कारागीरही आले. गावात सुतार-लोहार हे बलुतेदार होतेच, घिसाडी पालं टाकून भाता चालवत होतेच. पण आता लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं नवं शिक्षण मिळालं.

याच काळात मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला. मग तिजोऱ्या केल्या आणि 1923 पासून पोलादी कपाटं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या त्यांच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या, हेही जाता जाता सांगतो. ज्या पत्र्याने आपली मतं राखली, त्याच पत्र्याने आपल्या साड्या राखल्या! हे कपाट मराठी घरात इतकं रुजलं, की कुठल्याही कारखान्याचं असलं तरी लोक त्याला ‘गोदरेजचं कपाट’च म्हणू लागले.

आता जरा कडू बोलतो. हे कपाट घरात आलं कुठल्या वाटेने? पुष्कळ घरांत ते लग्नात आलं. मुलीबरोबर. मुलीच्या बापाने ते कर्ज काढून दिलं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, तरीही लग्नमंडपात आरशाचं कपाट, पलंग, भांडी अशी मांडामांड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ‘आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनी हौसेने दिलं,’ हे वाक्यही ऐकलं आहे. जमीन विकून केलेल्या हौसेला हौस म्हणायचं का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो.

पण याला दुसरी बाजूही आहे. सोप्यातली खुंटी पुरुषाची होती, माजघरातलं वलण सगळ्यांचं होतं. कुलूप लागणारी, आपली म्हणता येईल अशी जागा बाईला कुठे होती? माहेरून आलेली एक ट्रंक, बस्स. कपाटाने पहिल्यांदा तिला लॉकर दिला, कप्पा दिला. अर्थात किल्ली कुणाच्या कमरेला, यावर सगळं अवलंबून. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईच्या ताब्यातली संपत्ती पूर्णपणे तिच्या मालकीची ठरवली. 1994 साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कायद्याने हक्क दिला, पण कपाटाची किल्ली कायद्याने हातात येत नाही. ती घरात मागावी लागते. कपाट दिलं आणि जमिनीतला वाटा सोडल्याची सही घेतली, असं जिथे झालं तिथे कपाट फार महाग पडलं.

आता वळू या दांडी आणि ब्रॅकेटच्या रचनेकडे. हा भाग ऐकताना फॅब्रिकेशनवाल्यांनी कान टवकारावेत, चुकलं तर टोका.

भिंतीतून बाहेर आलेली तुळई किती ओझं पेलेल, याचा पद्धतशीर विचार पहिल्यांदा मांडला गॅलिलिओने, 1638 साली छापलेल्या पुस्तकात. तेव्हा तो नजरकैदेत होता, आणि इकडे शिवाजी महाराज आठ वर्षांचे होते. त्याच्या हिशेबात एक चूक राहिली. तुळई वाकताना वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो, हे त्याने पुरतं धरलं नव्हतं. ते पुढच्या शतकात सुधारलं गेलं. पण एक गोष्ट त्याने अचूक सांगितली. पट्टी आडवी ठेवली तर लवकर मोडते, उभी ठेवली तर टिकते, आणि तेही रुंदी-जाडीच्या प्रमाणात. 25 मिलिमीटर रुंद, 5 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घ्या. ती उभी धरली तर आडवीपेक्षा पाचपट ओझं पेलते आणि लवते पंचविसाव्या हिश्श्याने. लोखंड तेवढंच, पैसे तेवढेच. फरक फक्त कसं धरलं याचा.

आता ओझं मोजू. तीन फुटांच्या दांडीवर तीसेक शर्ट बसतात. हँगरसकट झाले दहा किलो. कोट, स्वेटर, भरजरी साड्या असतील तर वीस धरा. दोन ब्रॅकेट, म्हणजे प्रत्येकावर दहा किलो. तुम्ही म्हणाल, दहा किलो म्हणजे काय मोठं? थांबा. हँगरची रुंदी लक्षात घेता दांडी मागच्या भिंतीपासून सुमारे 30 सेंटिमीटर पुढे असावी लागते. ब्रॅकेटचा भिंतीला लागणारा उभा भाग 20 सेंटिमीटरचा असेल, तर वरच्या स्क्रूवर भिंतीतून उपटून काढणारी ओढ येते पंधरा किलोची. उभा भाग 10 सेंटिमीटरच असेल तर तीस. आणि पाचच सेंटिमीटर असेल तर साठ! वर नातवाने दांडीला लोंबकळून झोका घेतला, की संपलं. बाजारात ब्रॅकेट घेताना लोक पत्र्याची जाडी बघतात. बघायची असते भिंतीला लागणाऱ्या पायाची उंची.

दुसरं, कोपऱ्यातून तिरका टेकू द्यावा. काटकोनात नुसती वाकवलेली पट्टी वाकल्या जागीच उलगडते. टेकू लावला की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण बाजू मोडल्याशिवाय आकार सोडत नाही. तिसरं, दांडीची लांबी. दांडी दुप्पट लांब केली आणि कपडेही तितकेच दाट लावले, तर मधला झोल दुप्पट नाही, सोळापट होतो. म्हणून लांब दांडीला मध्ये आधार हवाच. भरीव सळईपेक्षा तेवढ्याच वजनाची पाइप घ्यावी, ती कमी लवते.

आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जमलं तर मागच्या भिंतीवर भार टाकूच नये. दांडी कपाटाच्या डाव्या-उजव्या बाजूंवर टेकवावी. मग स्क्रूला उपटणारी ओढ राहत नाही, भार सरळ खाली जातो. थोडक्यात, खुंटी सोडून वलणाकडे जायचं, दोन टोकांना दोन आधार. पत्र्याच्या कपाटात हेच करतात. तो पत्रा कागदासारखा लवणारा असतो. त्याच्या कडा दुमडल्या की ताठ उभा राहतो. घडीनेच बळ येतं. पोकळ विटांची किंवा भुशाच्या फळीची भिंत असेल तर नुसता स्क्रू नको. आरपार बोल्ट आणि मागे पट्टी द्यावी. जुन्या सुताराने खुंटीचं शेपूट भिंतीत खोल गाडलं, तेच हे.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. संस्कृतात ‘स्थूणानिखनन न्याय’ आहे. खांब रोवताना तो पुन्हा पुन्हा हलवून बघतात आणि माती ठासतात. शंकराचार्यांनी वादात ही रीत वापरली. सिद्धांतावर स्वतःच आक्षेप घ्यायचे, तो हलवून बघायचा, म्हणजे तो पक्का होतो. आपण मराठीत म्हणतो, खुंटा हलवून बळकट करणे. दुसरा वाक्प्रचार आहे, नीती खुंटीला टांगणे. दोन्हीत खुंटी आहे, पण माणसं दोन प्रकारची आहेत. एक खुंटीवर ओझं टाकण्याआधी ती हलवून बघतो. दुसरा नको असलेलं तिच्यावर टांगून मोकळा होतो.

घरात ओझं कुणावर टांगलंय, हे असंच हलवून बघायला हवं. दांडी दिसते, कपडे दिसतात, भिंतीतला स्क्रू दिसत नाही. तो उपटून येतो त्या दिवशी कळतं, की दहा किलोच्या जागी साठ किलोंची ओढ तो सोसत होता. पुष्कळ घरांत ती जागा बाईची असते. तिच्यावरचा भार दहा किलोच दिसतो, कारण ती भिंतीपासून किती दूर, कशाच्या आधाराने उभी आहे, हे कुणी मोजत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातला ब्रॅकेट जरूर हलवून बघा, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हेही विचारा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.