झुडपी जंगलाची गोष्ट

आमच्या गोंदियाकडे सकाळी आखरावर ढोरं जमतात आणि गायकी त्यांना घेऊन बरडीकडं निघतो. मुरमाड जमीन, बोरी-पळसाची झुडपं, मधे गवत. धान तिथं होत नाही, सागही नीट वाढत नाही. सरकारी दप्तरात या जमिनीचं नाव 'झुडपी जंगल'. या नावानं किती गवत राखलं, ते मला फार उशिरा कळलं.

मालगुजारीच्या काळातही रयतेला चराईचे, सरपणाचे हक्क होते. गावच्या वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात लिहिलेल्या असत. (लहानपणी मला ही एखादी दुआ वाटायची!) १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पडीक जमीन सरकारकडं आली. निस्ताराचे हक्क मात्र राहिले. १९६६ च्या महसूल संहितेतही निस्तारपत्रक आहे.

पुढं गावं वाढली, बरडीवर घरं उठू लागली. सातबारा गायीच्या नावानं निघत नाही, मग अडवणार कोण?

कॅलिफोर्नियानं १९६५ मध्ये विल्यमसन कायदा केला. किमान दहा वर्षं जमीन शेती-चराईलाच ठेवण्याचा करार मालकानं करायचा, बदल्यात कर कमी. म्हणजे गवत राखायला सरकारनं महसूल सोडायचा. आपली चराई मुळात सरकारी जागेवर. इथं कुणाला काही द्यावं लागत नाही, फक्त नोंद जपावी लागते.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी कागदांत जे जंगल म्हणून नोंदलं आहे तेही जंगलच. मालकी कुणाचीही असो. त्याच आधारे २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांनी पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची झुडपी जमीन जंगल ठरवली. तीन हेक्टरांहून लहान, जंगलाला न लागलेले सुटे तुकडे 'संरक्षित वन' करायचे आणि नव्या अतिक्रमणाला उपविभागीय अधिकारी जबाबदार, असंही सांगितलं. १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राची मंजुरी घ्यायची. त्यासाठी पर्यायी वनीकरणाचा खर्च नाही.

ही शेवटची सवलत मी दोनदा वाचली. माझ्या मावशीचं घर अशाच जागेवर आहे. खालाजान विचारते, "बेटा, घर जाईल का रे?" तिचा पट्टा १९९६ च्या आधीचा आहे, तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. घरामागं अजून थोडी बरडी मोकळी आहे. तिथं टिटवी अंडी घालते, आणि खालाजानची शेळी चरते.